पडद्यावरचं चित्र, फाइलमधलं चित्र

आलेख काढणारी एखादी नवी लायब्ररी (इतरांच्या प्रोग्रॅममध्ये वापरायला दिलेला तयार कोड) लोकांच्या हातात पडली की थोड्याच काळात तिच्या इश्यूंमध्ये, म्हणजे तक्रारी-मागण्यांच्या यादीत, एक मागणी येऊन बसते: आलेख दिसतोय, पण तो फाइलमध्ये कसा ठेवायचा? तोवर लोक स्क्रीनशॉट काढून भागवत असतात. ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या कोडमध्ये, पहिल्यांदा काही देऊ पाहणाऱ्याला ही मागणी हमखास खुणावते. काम आटोपशीर दिसतं. पिक्सेल मेमरीत तयार आहेत, ते पीएनजी (चित्रांच्या फाइलीचा एक प्रकार) करून डिस्कवर लिहायचे; दहाबारा ओळींचं फंक्शन, एक टेस्ट, की झालं.

तसं लिहिलेलं फंक्शन चालतंही, पण लिहिणाऱ्याच्याच मशीनवर. सेव्ह करणं ही पडद्यावरच्या चित्राची नक्कल नसते. तेच चित्र दुसऱ्या मापात, दुसऱ्या रंगव्यवस्थेत आणि पुष्कळदा पडदाच नसलेल्या मशीनवर पुन्हा काढायचं असतं. 'तेच चित्र' कशाला म्हणायचं हे लायब्ररीत तोवर कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. सेव्हचं फंक्शन लिहिताना ते पहिल्यांदा ठरवावं लागतं. म्हणूनच सुरुवात करायला हे काम मला फार मोलाचं वाटतं. वापरणाऱ्याच्या साध्या गरजेपासून रेंडररच्या, म्हणजे चित्र प्रत्यक्ष काढणाऱ्या भागाच्या, आतल्या गाभ्यापर्यंत सगळी लायब्ररी त्यात पाहून होते.

आधी मापाचं ठरवावं. पडद्यावर आपण पिक्सेलमध्ये विचार करतो, पण फाइल कुठे जाणार ते माहीत नसतं: शोधनिबंधात, स्लाइडवर, की पोस्टरवर. पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीने यासाठी चित्राचं माप इंचांत ठेवलं आणि डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) वेगळा ठेवला. तिथे मूळ आकार ६.४ बाय ४.८ इंच आणि डीपीआय १००, म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. डीपीआय ३०० केला की चित्र १९२० बाय १४४० होतं. इथवर सोपं आहे. खरा प्रश्न रेषांचा आणि अक्षरांचा. रेषेची जाडी १.५ पॉइंट असेल, आणि एका इंचात ७२ पॉइंट असतात, तर १०० डीपीआयला ती रेषा साधारण २.१ पिक्सेल जाड हवी आणि ३०० ला सव्वासहा. १० पॉइंटचं अक्षर १०० ला जवळजवळ १४ पिक्सेलचं, ३०० ला ४२ च्या आसपास. लायब्ररीत कुठेतरी जाडी थेट पिक्सेलमध्ये लिहिलेली असेल, तर मोठ्या फाइलमध्ये केसासारख्या रेषा आणि मुंगीएवढी अक्षरं येतात. वापरणारा म्हणतो 'सेव्ह बिघडलंय', आणि बिघाड असतो चार फाइली पलीकडे, अक्षावरच्या खुणा काढणाऱ्या कोडमध्ये. तुटक रेषेतल्या डॅशची आणि मोकळ्या जागेची लांबी, खुणांची लांबी, बिंदूंचा आकार, लेजेंडच्या (कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या चौकटीच्या) आतलं अंतर या चार ठिकाणी अशी पिक्सेलमधली मापं बहुधा लपलेली सापडतात. सेव्हला हात घालण्याआधी ती शोधून घ्यावीत, आणि ती दुरुस्ती वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) द्यावी. मेंटेनरला, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याला, दोन छोटे बदल वाचणं एका मोठ्या बदलापेक्षा कितीतरी सोपं जातं.

याच मापावरून वापरणाऱ्यांची जी चूक होते तिच्यावर आर भाषेतल्या जीजीप्लॉट-टू या लायब्ररीच्या जीजीसेव्ह फंक्शनने चांगला तोडगा काढला आहे. तिथे रुंदी आणि उंची मुळात इंचांत धरली जाते, पण सवयीने लोक १२०० आणि ८०० असे पिक्सेलचे आकडे देतात. तिथल्या ३०० डीपीआयने ते ३,६०,००० बाय २,४०,००० पिक्सेलचं चित्र होईल आणि मशीन मेमरीपायी गुदमरेल. म्हणून ५० इंचांपेक्षा मोठं चित्र मागितलं की जीजीसेव्ह आधी थांबतं आणि खरंच एवढं हवं असेल तर मर्यादा उठवायचा पर्याय सांगतं. नव्या फंक्शनमध्ये असं एक कुंपण पहिल्या दिवसापासून घालावं. मागाहून घातलं तर कुणाचं तरी चालू असलेलं काम मोडतं.

आता पिक्सेल उचलण्याकडे. लायब्ररी ओपनजीएलवर (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या पद्धतीवर) चित्र काढत असेल तर ग्राफिक्स कार्डाकडून पिक्सेल परत वाचावे लागतात, आणि तिथे दोन खड्डे आहेत. पहिला सगळ्यांना लगेच दिसतो: ओपनजीएल खालच्या ओळीपासून वर जातं, पीएनजी वरच्या ओळीपासून खाली, त्यामुळे चित्र उलटं येतं. दुसरा खड्डा कित्येक महिने दिसत नाही. ओपनजीएल प्रत्येक ओळीची सुरुवात ४ बाइटच्या पटीवर ठेवतं. ही मुळातली सेटिंग असते. रुंदी ६४० पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट धरले तर ओळ १९२० बाइटची होते. तिला ४ ने नि:शेष भाग जातो, सगळं सुरळीत चालतं. कुणी विंडो ओढून ६४१ पिक्सेल केली की ओळ १९२३ बाइटची होते, ती पुढच्या पटीपर्यंत म्हणजे १९२४ पर्यंत ताणली जाते, आणि आपलं कोड मात्र १९२३ च धरून चाललेलं असतं. प्रत्येक ओळ एका बाइटने सरकते. तीन ओळींत एक पिक्सेल, आणि ४७९ ओळींच्या चित्रात तळाशी पोहोचेपर्यंत जवळपास १६० पिक्सेल. चित्र तिरकं होतं, शिवाय एकेक बाइट सरकल्याने लाल, हिरवा, निळा यांच्या जागा ओळीगणिक फिरतात आणि सगळीकडे इंद्रधनुषी पट्टे उमटतात. कोड सी भाषेत असेल आणि बफर (पिक्सेल ठेवायची मेमरीतली जागा) १९२३ गुणिले ४७९ एवढाच घेतला असेल, तर त्याच्या पलीकडे ४७८ बाइट लिहिले जातात आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. उपाय एका ओळीचा आहे: वाचण्याआधी ही पट ४ वरून १ करायची, किंवा अल्फासकट (पारदर्शकता सांगणाऱ्या बाइटसकट) ४ बाइटचे पिक्सेल वाचायचे. पण हा दोष टेस्टमध्ये पकडायचा तर टेस्टचं चित्र ६४० बाय ४८० नसावं. ६४१ बाय ४७९ घ्यावं. विषम मापाचं एक चित्र टेस्टमध्ये असलंच पाहिजे, या मताचा मी ठाम आहे.

कैरोसारखा रेंडरर असेल तर गडबड रंगांची. त्याच्या नेहमीच्या ३२ बिटच्या प्रकारात, आपण वापरतो त्या बहुतेक सगळ्या मशीनवर, बाइट निळा, हिरवा, लाल, अल्फा या क्रमाने येतात. पीएनजीला लाल, हिरवा, निळा, अल्फा हवा. क्रम न बदलता लिहिलं तर मॅटप्लॉटलिबच्या ओळखीच्या निळ्या रेषेचा ३१, ११९, १८० हा रंग १८०, ११९, ३१ होतो, म्हणजे चक्क तपकिरी. पांढऱ्यावर काळी रेषा काढून तपासणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, कारण काळा, पांढरा आणि करडा हे रंग उलटसुलट केले तरी तेच राहतात. त्याच्या पुढची अडचण पारदर्शकतेची. कैरो रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतं: निम्मा पारदर्शक लाल तिथे १२८, ०, ०, १२८ असा असतो. पीएनजीला तोच रंग न गुणलेला, म्हणजे २५५, ०, ०, १२८ असा लागतो. भागाकार विसरला तर भरीव रेषा व्यवस्थित दिसतात, पण पारदर्शक पट्टे आणि अक्षरांच्या कडा काळवंडतात. अल्फा शून्य असेल तिथे शून्याने भागायचं नाही, हेही सांभाळायचं.

पीएनजी स्वतः लिहायची की तयार लायब्ररी वापरायची, हा निर्णय मेंटेनरवर सोडावा. नवी डिपेंडन्सी (बाहेरच्या कोडवरचं अवलंबन) म्हणजे त्यांच्यावर कायमची जबाबदारी. झेडलिब ही माहिती दाबणारी लायब्ररी हाताशी असेल तर साधी पीएनजी लिहिणं खरंच छोटं काम आहे. आधी ८ बाइटची खूण: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मग रुंदी-उंची सांगणारा १३ बाइट माहितीचा भाग, मग दाबलेले पिक्सेल, शेवटी समाप्तीचा रिकामा भाग. हमखास चुकतात दोन गोष्टी. पिक्सेल दाबण्याआधी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला फिल्टरचा एक बाइट लागतो. फिल्टर नको असेल तरी शून्य लिहावाच लागतो. आणि प्रत्येक भागाची सीआरसी (चुका पकडायचा तपासणीचा आकडा) काढताना भागाचं नाव आणि माहिती धरायची, लांबी धरायची नाही. डीपीआय नोंदवायला वेगळा भाग आहे, पण त्यात आकडा इंचाला नसून मीटरला असतो. ३०० डीपीआय म्हणजे ११८११. तो पूर्णांकच असल्याने परत वाचला की २९९.९९९४ येतात, त्यामुळे टेस्टमध्ये 'बरोबर ३००' अशी अट घातली तर ती नापास होते. हा भाग लिहिला नाही तर पिक्सेल तेच राहतात, पण लेआउटच्या प्रोग्रॅममध्ये चित्र भलत्याच आकाराचं येऊन पडतं.

जेपीईजीची मागणी होईल. आलेखासाठी तो प्रकार मला पटत नाही. ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबल्यामुळे अक्षरांभोवती धुरकट कण येतात, आणि रंगाची माहिती अर्ध्या मापात ठेवल्याने बारीक लाल रेषा फिकट होते. द्यायचाच असेल तर एवढं करावं: जेपीईजीत पारदर्शकता नसते, म्हणून चित्र आधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर बसवून मग लिहावं. नुसता अल्फा टाकून दिला तर पारदर्शक भागाखाली बहुधा काळा रंग असतो आणि सगळा आलेख काळ्यावर येतो.

व्हेक्टर फाइलींचं, म्हणजे चित्र रेषा-आकारांच्या वर्णनाने ठेवणाऱ्या फाइलींचं, जग वेगळं. एसव्हीजी आणि पीडीएफमध्ये पिक्सेल नाहीत, म्हणून डीपीआयची कटकट संपली असं वाटतं. तिची जागा अक्षरं घेतात. अक्षरांचे आकार रेषांच्या रूपात फाइलमध्ये ठेवले तर सगळीकडे सारखे दिसतात, पण मजकूर शोधता येत नाही आणि नंतर शीर्षक बदलता येत नाही. मजकूर म्हणून ठेवले तर बदलता येतात, पण उघडणाऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर मोडतात. मॅटप्लॉटलिब एसव्हीजीत मुळात आकार ठेवतं आणि मजकुराचा पर्याय देतं. ती निवड मला योग्य वाटते. पीडीएफमध्ये टाइप ३ आणि टाइप ४२ असे फॉन्ट ठेवायचे दोन मार्ग तिथे आहेत. टाइप ३ फॉन्ट असलेली फाइल काही नियतकालिकं परत पाठवतात, म्हणून हा पर्याय वापरणाऱ्याच्या हाती असावा. देवनागरीचा प्रश्न याहून खोल आहे. फॉन्टमध्ये अक्षरच नसेल तर चौकोन येतात, ते निदान कळतं. पण फॉन्ट असूनही रेंडरर एकेक अक्षर सुटं मांडत असेल तर 'स्थिती' मधली पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षर हलन्तासह फुटतं. हार्फबझसारखी अक्षरजुळणी करणारी लायब्ररी मध्ये असल्याशिवाय ते सुधारत नाही. सेव्हच्या फंक्शनमध्ये हे सोडवता येणार नाही, पण पडद्यावर जुळणी होते आणि फाइलमध्ये होत नाही, एवढं तरी घडू नये. म्हणून टेस्टमध्ये एक जोडाक्षर घालून ठेवावं.

एसव्हीजीचे आणखी दोन दोष लोकांना फार छळतात. एक आयडींचा, म्हणजे फाइलमधल्या घटकांच्या नावांचा. आलेखाची चौकट कापायला जो क्लिपचा आकार असतो त्याला कोड सहज 'क्लिप १' असं नाव देतं. असे दोन आलेख एकाच पानात थेट घातले की दुसरा आलेख पहिल्याच्या चौकटीने कापला जातो. नाव यदृच्छेने काढलं तर ही टक्कर टळते, पण मग काहीही न बदलता फाइल दर वेळी वेगळी येते आणि गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) उगाच बदल दिसतो. तोडगा म्हणजे आशयावरून हॅश (त्या आशयाची ठरावीक खूण) काढायचा आणि त्यात मिसळायचं बीज ठरवायची मुभा द्यायची. फाइलमध्ये लिहिली जाणारी तारीखही अशीच बंद करता आली पाहिजे. दुसरा दोष लोकेलचा, म्हणजे मशीनवरच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचा. जर्मनसारख्या लोकेलमध्ये दशांशाला स्वल्पविराम वापरतात. सी भाषेतलं प्रिंटएफ हे मजकूर लिहिणारं फंक्शन ते पाळतं आणि १२.५ च्या जागी १२,५ लिहितं. एसव्हीजीच्या दृष्टीने हे दोन आकडे. सगळी वळणं विस्कटतात. आकडे लिहिताना लोकेलपासून सुटलेली पद्धतच वापरावी.

शिवाय बिंदूंची संख्या. एक लाख बिंदूंचा विखुरलेला आलेख एसव्हीजीत एक लाख घटक होऊन बसतो आणि ब्राउझर गोठतो. अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरमध्ये, बिंदूंचा थर मात्र पिक्सेलमध्ये, अशी सोय लागते. ती पहिल्याच पुल रिक्वेस्टमध्ये आणायची गरज नाही, पण फंक्शनची रचना तिला आडवी येईल अशी करू नये.

ब्राउझरमधल्या लायब्ररींसाठी एवढंच सांगतो: कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या जागेवर) दुसऱ्या डोमेनवरची प्रतिमा परवानगीविना आली तर ब्राउझर पिक्सेल वाचूच देत नाही; वेबफॉन्ट उतरायच्या आत चित्र काढलं तर फाइलमध्ये दुसराच फॉन्ट येतो; आणि दुप्पट घनतेच्या पडद्यावर चित्र बहुधा आपोआप दुप्पट होतं, म्हणून मोजमाप पडद्यावर सोपवू नये. सर्व्हरवर चित्र हवं असेल तर पुष्कळदा आतून एक अख्खा ब्राउझर चालवावा लागतो. प्लॉटली या आलेखांच्या लायब्ररीचं कॅलिडो क्रोमियम ब्राउझरच्या आधाराने हेच करतं.

फंक्शनचं बाहेरचं रूप थोडक्यात ठरतं, पण तेच लोकांच्या रोजच्या हाती येणार असतं. पहिला आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली माहिती) फाइलचा पत्ता असो, पाथ ऑब्जेक्ट असो किंवा मेमरीतला बफर, तिन्ही चालावेत. बफर दिला असेल तर तो आपण उघडलेला नाही, म्हणून आपण बंद करायचा नाही. प्रकार एक्स्टेन्शनवरून ओळखावा, मोठी लिपी-छोटी लिपी सारखीच मानावी, आणि ओळखीचा नसेल तर गुपचूप पीएनजी न लिहिता एरर द्यावी आणि तिच्यात चालणाऱ्या प्रकारांची यादी द्यावी. बाकीचे पर्याय नाव घेऊनच द्यावे लागतील असे ठेवावेत, म्हणजे पुढे मध्ये एखादा घालता येतो. फाइल आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलावं. डिस्क मध्येच भरली तर जुनं चित्र तरी शाबूत राहतं. त्याच फोल्डरमध्ये यासाठी की वेगळ्या ड्राइव्हवरून असं नाव बदलता येत नाही. आणि विंडोजवर उघडी फाइल बदलता येत नाही, म्हणून आधी बंद, मग नामांतर. लिनक्सवर हे सगळं निमूट चालतं, त्यामुळे ही चूक सीआयमध्येच (वेगवेगळ्या मशीनवर आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये) कळते.

सेव्ह करताना डीपीआय तात्पुरता वाढवला असेल तर तो परत आणण्याचं काम फायनलीमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या कोडच्या भागात) ठेवावं. नाहीतर सेव्ह अर्ध्यात फसलं की पडद्यावरचा आलेख तिप्पट होऊन बसतो. विंडो उघडल्याशिवाय सेव्ह झालं पाहिजे, हीही अट हवी. सर्व्हरवर पडदा नसतो आणि लोक बहुतेक सेव्ह तिथेच करतात. चालू आलेख आपोआप धरणारी लायब्ररी असेल तर 'आधी दाखवा, मग सेव्ह करा' या क्रमाने कोरं पान मिळतं, कारण विंडो बंद होताच तो आलेख गेलेला असतो आणि सेव्ह नवा रिकामा आलेख उघडतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे वाक्य उदाहरणाच्या अगदी खाली लिहावं.

कडेची मोकळी जागा छाटायचा पर्याय लोकप्रिय आहे, पण तो आपोआप चालू ठेवू नये. छाटलं की ६४० बाय ४८० मागूनही ६१२ बाय ४५१ असं काहीतरी मिळतं, आणि ते अक्षावरच्या आकड्यांच्या लांबीनुसार बदलतं. अशा चित्रांचा व्हिडिओ करायला गेलं की फ्रेमांची मापं जुळत नाहीत.

टेस्टमध्ये प्रतिमेशी प्रतिमा ताडून पाहायचा मोह आवरावा. फ्रीटाइप या अक्षरं काढणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती बदलली की अक्षरांच्या कडांचे पिक्सेल बदलतात आणि निम्म्या टेस्ट लाल होतात. मॅटप्लॉटलिबला त्यासाठी टेस्टपुरती फ्रीटाइपची एक जुनी आवृत्ती बांधून ठेवावी लागली. शिवाय ताडायच्या प्रतिमा गिटच्या इतिहासात कायमच्या राहतात. त्यापेक्षा पहिले ८ बाइट तपासा, रुंदी-उंची तपासा, भरीव लाल चौकोन काढून त्याच्या मधला पिक्सेल तपासा, वरच्या डाव्या कोपऱ्यात एक खूण काढून ती वरच आहे का ते पाहा, बफर उघडाच आहे का ते पाहा, आणि मुद्दाम एरर आणून डीपीआय जागेवर आला का ते पाहा. प्रतिमा ताडायचीच असेल तर अक्षरं काढून आणि थोडी सूट ठेवून ताडावी.

पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी इश्यूवर फंक्शनचं नाव, आर्ग्युमेंट आणि मुळातल्या किमती (वापरणाऱ्याने काही न सांगितल्यास धरायचे आकडे) एवढं लिहून मेंटेनरांचं मत घ्यावं. चर्चा बहुतेक नावावर आणि किमतींवरच होते, आणि ती व्हायलाच हवी. आतला कोड उद्या सहज बदलता येतो. डीपीआयची मुळातली किंमत मात्र एकदा बाहेर पडली की हजारो स्क्रिप्ट तिच्यावर उभ्या राहतात. मॅटप्लॉटलिबमध्ये पडद्यासाठी ८० आणि फाइलसाठी १०० डीपीआय होता: ८ बाय ६ इंचांचं चित्र पडद्यावर ६४० बाय ४८०, फाइलमध्ये ८०० बाय ६००. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत दोन्हीकडे १०० केलं, आणि पडद्यावरचे पिक्सेल तेवढेच राहावेत म्हणून चित्राचं माप ६.४ बाय ४.८ वर आणलं. मग शीर्षकं आणि अक्षांवरची अक्षरंही लहान करावी लागली, आणि जुनं रूप हवं असणाऱ्यांसाठी 'क्लासिक' नावाची शैली ठेवावी लागली. पार्श्वभूमीचंही तसंच. गडद रंग लावलेला आलेख फाइलमध्ये पांढरा होऊन यायचा. सेव्हने आलेखाचाच रंग घ्यावा हा बदल ३.३ मध्ये आला.

दुसऱ्या लायब्ररीतून कोड उचलत असाल तर परवाना आधी पाहा. जीपीएल या कडक अटींच्या परवान्यातला तुकडा बीएसडी किंवा एमआयटी अशा सैल परवान्याच्या लायब्ररीत, तिचा परवाना तसाच ठेवून, घालता येत नाही. बदलांच्या नोंदीत नव्या फंक्शनची एक ओळ आणि चालवून पाहता येईल असं एक उदाहरण लिहा. आणि पुढे एखादं आर्ग्युमेंट बदलायची वेळ आलीच, तर जुनं नाव सूचनेसह आणखी दोन आवृत्त्या चालू ठेवून मगच काढा.